स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि आटत चाललेले पुडे

२०२४ च्या गणपतीला मुंबईहून दापोलीला आलेल्या माझ्या मुलाच्या बॅगेतून नेहमीच्या सामानाबरोबर एक चपटा खोका निघाला. त्यात ४४९ रुपयांचा, पाच किलोपर्यंतचे वजन दाखवणारा आणि दोन बारीक सेलवर चालणारा वजनकाटा होता. तो मी मागवला नव्हता. घरात माणसे तीच तीन, वाणसामानाची यादी तीच, तरी पंचवीस तारखेच्या आतच डबे तळाला जातात, ही माझी तक्रार तो वर्षभर फोनवर ऐकत होता आणि अखेर वाद घालायचे सोडून त्याने मोजण्याचे साधनच आणून दिले. त्या काट्याविषयी सव्वा वर्षाच्या वापरानंतर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण अगदी हाच काटा, याच रंगाचा आणि याच दोन बटणांचा, निरनिराळ्या नावांची लेबले लावून विकला जातो आणि त्यांतल्या एकाचीच स्तुती किंवा निंदा करण्यात अर्थ नाही.

काट्याचे अंग पांढऱ्या प्लास्टिकचे असून वर स्टीलची गोल ताटली आहे आणि तिच्या पुढे आकड्यांची छोटी खिडकी आहे. डाव्या बटणाने वजन शून्यावर येते, म्हणजे आधी पातेले ठेवून शून्य केले की पुढे त्यात घातलेल्या वस्तूचेच वजन दिसते. उजव्या बटणाने ग्रॅम, औंस, पौंड आणि मिलिलिटर ही एकके बदलतात. औंस आणि पौंड आमच्या घरात कोणी विचारत नाही. मिलिलिटरने मात्र बराच गोंधळ घातला, त्याविषयी पुढे येईलच. काटा खरा बोलतो की नाही हे आधी पाहायला हवे होते, म्हणून दहा रुपयांची दहा नाणी ताटलीत रचली. एका नाण्याचे वजन ७.७१ ग्रॅम असते, तेव्हा दहांचे ७७ भरायला हवे, आणि काट्याने ७७ दाखवले. नंतर एकदा पिशवीत घालून तो आमच्या वाण्याकडे नेला आणि त्याच्याकडचे शिक्क्याचे एक किलोचे वजन त्यावर ठेवले, तेव्हा १००१ आकडा आला. स्वयंपाकघरातल्या कामाला एवढा खरेपणा पुरेसा आहे. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी आपली मिश्रीची डबी त्यावर ठेवून पाहिली, आकडा वाचला आणि काही न बोलता डबी कनवटीला लावली.

पहिली खरी कसोटी तेलाच्या पिशवीवर झाली. सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी मी ताटलीत उभी केली, उजवे बटण दाबून मिलिलिटर आणले आणि आकडा १००० च्या आसपास येण्याची वाट पाहिली. आला ९१७. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "अगो, लिटर म्हणून घेतलंस नि हे शंभराला कमी कसं?" त्यांनी विचारले, आणि माझ्याही तोंडून कंपनीच्या नावाने दोन शब्द निघाले. दोष कंपनीचा नव्हता. मिलिलिटरचे बटण दाबले की हा काटा वरची वस्तू पाणी आहे असे गृहीत धरतो. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅमच भरते, आणि उरलेले सात ग्रॅम पिशवीच्या प्लास्टिकचे होते, हे ती रिकामी झाल्यावर धुऊन, वाळवून तोलल्यावर कळले. काट्याबरोबर आलेल्या चिटोऱ्यावर याविषयी एक अक्षर नाही. हा काटा घेणाऱ्याने मिलिलिटरचे बटण फक्त पाण्यासाठी आहे असे समजावे आणि तेलासाठी ग्रॅमच पाहावेत.

मात्र या गोंधळामुळे पिशवीवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लागली आणि पुढच्या महिन्यात ती उपयोगी पडली. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. आपल्याकडच्या खाद्यतेलाचा मोठा भाग बाहेरून येत असल्यामुळे गणपतीचे वडे तळून होतात न होतात तोच बाजारात तेल चढले. रस्त्यालगतच्या एका नव्या मोठ्या दुकानात, जिथे टोपली ढकलत हिंडावे लागते, पुढच्याच फळीवर १३२ रुपयांची पिशवी मांडलेली होती आणि मागच्या फळीवर १५० रुपयांची. रंग सारखा, सूर्याचे चित्र सारखे, उंचीही जवळपास सारखी. अठरा रुपये वाचले म्हणून मी पुढचीच उचलली. घरी काट्यावर ठेवली तेव्हा ७५६ आकडा आला, आणि उलटून पाहिले तर मागे ७५० ग्रॅम असे स्वच्छ छापलेले होते. ९१० ग्रॅमला १५० रुपये म्हणजे १६५ रुपये किलो, आणि ७५० ग्रॅमला १३२ म्हणजे १७६ रुपये किलो. स्वस्त म्हणून घेतलेले तेल किलोमागे अकरा रुपयांनी महाग पडले होते. पुढे मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले आणि भाव थोडा उतरला, परंतु ७५० ग्रॅमची पिशवी काही पुन्हा ९१० ची झाली नाही.

असे होऊ शकते याचे कारण मला नंतर समजले. आवेष्टित वस्तूंसाठी २०११ चे जे वैध मापन नियम आहेत, त्यांना पूर्वी एक परिशिष्ट जोडलेले होते आणि बिस्किटे, चहा, कॉफी, खाद्यतेल, तांदूळ, पीठ, मीठ, साबण अशा वस्तू त्यात दिलेल्या ठरावीक मापांतच बांधाव्यात असे बंधन होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट वगळले गेले आणि उत्पादकाला हवे त्या वजनाचा पुडा बांधण्याची मुभा मिळाली. त्या बदल्यात ग्राहकाला काय मिळाले, तर पुड्यावर छापील किमतीबरोबर एककाची किंमतही छापण्याची सक्ती. कल्पना उत्तम आहे. पण एक किलोच्या आतल्या पुड्यावर ही किंमत ग्रॅमच्या हिशेबाने आणि दोन दशांश स्थळांपर्यंत छापायची असते, आणि तिथेच सारी गोम आहे. १७५ रुपये किलोचा जिन्नस असो वा १८४ रुपये किलोचा, दोन्हींवर ०.१८ रुपये प्रति ग्रॅम एवढेच दिसते. किलोमागचा नऊ रुपयांचा फरक त्या दोन दशांशांत विरघळून जातो, आणि जे उरते तेही इतक्या बारीक अक्षरांत असते की मला चष्मा लावून पाकीट दिव्याखाली धरावे लागते. म्हणून आमच्याकडे काट्याशेजारी एक शंभर पानी वही आली. तिच्यात तारीख, वस्तू, छापील वजन, प्रत्यक्ष वजन, दिलेली किंमत आणि किलोचा भाव असे सहा रकाने आखले आहेत.

या वहीने माझा एक जुना समज मोडला. पुड्यात छापल्यापेक्षा कमी भरतात, हा तो समज. साठेक वस्तू तोलून झाल्या. रिकामे वेष्टण वजा केल्यावर बहुतेकांचे वजन छापल्याएवढे किंवा दोन-चार ग्रॅमने जास्तच निघाले. कमी भरलेले पुडे मोजकेच होते आणि तेही नियमाने माफ केलेल्या फरकाच्या आत. ५०० ग्रॅम ते एक किलोच्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंतचा फरक नियमाला चालतो, माझ्याकडे आठ ग्रॅमच्या पलीकडे एकही गेला नाही. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला असला तरी तो फिरवण्याची वेळ आली नाही. चोरी पकडायला म्हणून हा काटा कोणी घेणार असेल तर त्याची निराशा होईल. पुड्यावर जे छापले आहे ते खरेच आहे. आटतो आहे तो छापलेला आकडा.

तो कसा आटतो हे मी एकाच बिस्किटाच्या पुड्यावर पाहिले. दहा रुपयांचा हा पुडा चहाबरोबर सासूबाईंना लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ७० ग्रॅमचा होता आणि पुढच्या मार्चमध्ये ६४ ग्रॅमचा झाला. कागदाची लांबी तीच राहिली. आत मात्र दोन्ही टोकांना बोटभर पोकळी आली आणि पुडा कानाशी हलवला की बिस्किटे आपटल्याचा आवाज येऊ लागला. किंमत दहाच असल्यामुळे महागाईची नोंद कुठेच झाली नाही. वहीत मात्र किलोचा भाव १४३ वरून १५६ वर गेलेला आहे. २०० ग्रॅमची शेव त्याच ५५ रुपयांत १८० ग्रॅमवर आली, म्हणजे किलोला २७५ होती ती ३०६ झाली. पाच आणि दहा रुपयांची नाणी ग्राहकाच्या हाताला इतकी सरावलेली असतात की दहाचे अकरा केले तर तो पुडा खाली ठेवतो, पण सहा ग्रॅम काढून घेतले तर हूं की चूं करत नाही. मीही केले नव्हते.

न्यायाची गोष्ट म्हणून उलट नोंदही सांगितली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पहिले काही आठवडे दुकानांत जुनाच माल होता, पण नोव्हेंबरात तोच दहा रुपयांचा पुडा हाती आला तेव्हा त्यावर ७२ ग्रॅम छापलेले होते. मी कागदावर आकडेमोड केली: ६४ ग्रॅमला लागणारा कर १३ टक्क्यांच्या फरकाने उतरला तर त्याच दहा रुपयांत साधारण ७२ ग्रॅमच यायला हवेत. कंपनीने कराची सूट पैपैने दिली होती, एक बिस्कीटही जास्त नाही आणि कमीही नाही. मार्चमध्ये गेलेले सहा ग्रॅम मात्र या हिशेबात कुठेच परत आलेले नाहीत.

सुट्या मालाची गोष्ट निराळी आहे. जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर २५ किलोपर्यंत पाच टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. त्यामुळे डाळी, कडधान्ये आणि गूळ मी पुन्हा बाजारपेठेतल्या वाण्याकडूनच घेऊ लागले आहे. त्याचा माल घरी आणून पहिल्यांदा तोलला तेव्हा किलोभर तूरडाळ कागदी पिशवीसकट १००६ भरली. हे त्याला सांगितले तर तो म्हणाला, "काकू, मापात पाप केलं तर आमच्या पिढ्या या पेठेत टिकल्या असत्या काय?" आणि लगेच, "पण भाव काय तो माझ्या हातात नाही." सासूबाईंच्या माहेरी, म्हणजे गुहागरकडे, धान्य पितळी शेराने मोजले जाई. चार शेरांची पायली, आणि देणारा मनाचा मोठा असेल तर शेरावर शीग लावून देई, कंजूष असेल तर कडेवरून हात फिरवून सपाट करी. देणाऱ्याचा स्वभाव मापावर उघड दिसत असे, असे त्या अजून सांगतात. वाण्याने आजही काटा स्थिर झाल्यावर चिमूटभर डाळ वरून टाकली की त्या समाधानाने मान हलवतात, मग ती चिमूट तीन ग्रॅमची का असेना.

हा काटा सर्वांत जास्त पैसे वाचवणारा ठरला तो मिठाईच्या खोक्यावर, आणि ते मी मनात धरलेही नव्हते. दिवाळीत एका मिठाईच्या दुकानातून ६०० रुपये किलोचे पेढे आणले. घरी एक किलोचा खोका रिकामा करून पेढे ताटात तोलले तर ९४० ग्रॅम, आणि रिकामा खोका ५८. पुठ्ठ्याचे पस्तीस रुपये पेढ्यांच्या भावाने गेले होते. दुसऱ्या खेपेला मी काटा पिशवीत घालून नेला होता, पण तो बाहेर काढण्याची वेळ आली नाही; आधी खोका ठेवून शून्य करा आणि मग पेढे घाला, एवढे म्हणताच दुकानातल्या मुलाने निमूटपणे तसे केले, जणू कोणी म्हणण्याचीच तो वाट पाहत होता. घरगुती काट्याचा आकडा दुकानदारापुढे पुरावा म्हणून चालत नाही, कारण व्यापारात वापरायच्या काट्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का लागतो आणि यावर तो नसतो. मात्र घरी एकदा खात्री झाली की दुकानात बोलायला जीभ रेटते, हा अनुभव आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला या काट्याचा आणखी एक उपयोग आहे, जो खोक्यावरच्या चित्रांत दाखवलेला नाही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी, त्यामुळे मे महिन्यात आगोटीची खरेदी करताना हर्णैच्या पाजपंढरीहून सुकट आणि थोडे सोडे आणून ठेवावेच लागतात, आणि सोड्यांचा भाव असा असतो की शंभर ग्रॅमसुद्धा जपून वापरावे लागतात. मी ५०० ग्रॅम सुकट दोन डब्यांत निम्मी-निम्मी भरली. एक डबा घट्ट झाकणाचा आणि दुसरा पत्र्याचा, जरा वाकलेल्या झाकणाचा. जुलैअखेरीस, काढून घेतलेल्याचा हिशेब वहीतून जमेला धरल्यावर, पहिल्या डब्यातली जवळपास तेवढीच राहिली होती आणि दुसरीत अठरा ग्रॅमची भर पडलेली होती. ती भर पावसाची होती. सुकट मऊ पडली होती आणि तिला वासही धरू लागला होता. पावसाळ्यात कोणी सुकी मासळी विकायला आणली तर तिच्यात पाणी किती आणि मासळी किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात येतोच. नारळांचेही तसेच. २०२५ मध्ये नारळ असे कडाडले की सोलकढी पातळ होऊ लागली, आणि आमच्याकडे ते नगावर विकतात. एकाच भावाने आणलेल्या दोन सोललेल्या नारळांचे वजन एकदा ४१० आणि ५६० निघाले. आता मी विकणाऱ्याच्या ढिगातून हाताने तोलून जड तो उचलते. हाताला ही सवय काट्यानेच लावली.

आता दोष. परात किंवा मोठे पातेले ठेवले की आकड्यांची खिडकी त्याखाली झाकली जाते आणि वाकून, मान वेडीवाकडी करून वाचावे लागते. मिनिटभर हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो आणि मधला सगळा हिशेब पुसला जातो. पीठ मळताना दूधवाला दारात आला की संपलेच. हिंग, केशर, वेलची अशा तोळ्यामाशाच्या वस्तूंसाठी हा निरुपयोगी आहे, कारण दोन ग्रॅमच्या आतले त्याला कळतच नाही. सर्वांत मोठा शत्रू मात्र खारी हवा. पहिल्याच पावसाळ्यात सेलच्या खोबणीतल्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर चढला आणि काटा सुरू होईना. लिंबाच्या फोडीने पुसून, कोरडे करून तो पुन्हा चालवला आणि तेव्हापासून काम झाले की सेल काढून तांदळाच्या डब्यात ठेवते. घाटावर राहणाऱ्यांना हा उपद्व्याप बहुधा करावा लागणार नाही.

आणि या डिसेंबरात खिडकीतला शेकड्याचा आकडा बिघडला. त्याची उजवीकडची वरची रेघ उमटतच नाही, त्यामुळे नऊचा पाच दिसतो आणि आठाचा सहा. मला हे कळण्याआधी सासूबाईंनी तेलाची नवी पिशवी स्वतःच काट्यावर ठेवली होती, आकडा ५१७ पाहून त्या मला हाक मारत ओटीपर्यंत आल्या, "अगो, ये बघ, निम्मं तेल काढलंन मेल्यांनी!" वर्षभराची हमी सप्टेंबरातच संपली असल्यामुळे दुरुस्तीची सोय उरलेली नव्हती. मुलाने फोनवर तोच काटा पुन्हा शोधून दाखवला. किंमत आता ४९९ आहे, चित्र तेच आहे, आणि खाली बारीक अक्षरांत एक नवी ओळ आली आहे, जी मागच्या वेळी नव्हती: खोक्यात सेल समाविष्ट नाहीत.